फोटो कुणाचा, ते निवडताना ठरतं

प्रश्न अंबाजोगाईच्या एका फोटोग्राफरचा आहे. ते मुख्यतः लग्नाची कामं करतात. तालुक्यातल्या एका संस्थेनं 3 डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनासाठी त्यांना वीस दिव्यांग व्यक्तींचे फोटो आणि प्रत्येकाची गोष्ट असं प्रदर्शन करून मागितलं आहे. ते विचारतात: "बघणाऱ्याला कीव येऊ नये, आणि उगीच 'प्रेरणादायी'ही वाटू नये. लेन्स कोणती घेऊ, उजेड कसा ठेवू, त्यांना काय विचारू, सही कशावर घेऊ?"

आधी माझ्याबद्दल एवढंच की मी लातूरचा. पोलिओमुळे डाव्या पायात कॅलिपर घालतो, म्हणजे पायाला आधार देणारी सळ्या-पट्ट्यांची चौकट. लग्नं, बारशी, पेपरला तालुक्याच्या बातम्यांचे फोटो हे सगळं केलं आणि अजून करतो. मधल्या काळात दिव्यांग मंडळींसोबत त्यांच्या गोष्टींचं काम सुरू झालं आणि ते वाढत गेलं.

तुमच्या प्रश्नात फोटो काढण्याबद्दल बरंच आहे, निवडण्याबद्दल काहीच नाही. माझ्या मते सगळी गोम तिथंच आहे. एका माणसाचे तुम्ही दोनशे फोटो काढाल. त्यात कीव येईल असे दहा निघतील, टाळ्या पडतील असे दहा निघतील, आणि तो माणूस स्वतःला ओळखेल असेही दहा निघतील. कोणता भिंतीवर जाणार, त्याखाली काय लिहिणार आणि हे कोण ठरवणार, यावर तुमचं प्रदर्शन कसं होईल ते अवलंबून आहे. लेन्सबद्दल पुढे सांगतो, पण त्यानं एवढा फरक पडत नाही.

आपल्याकडच्या पेपरात दिव्यांग माणूस दोनच वाटांनी येतो. पहिली वाट वाटपाची. मंडप, मागे फ्लेक्स, पुढे ओळीत लावलेल्या तीनचाकी सायकली, सीटवरचं प्लास्टिक तसंच. त्यातल्या एकीवर एक जण बसवलेला असतो आणि पाच-सहा पांढरे शर्ट हँडलला हात लावून कॅमेऱ्याकडे बघत असतात. (आम्हा तालुक्याच्या फोटोग्राफरांचं पेट्रोल अशाच फोटोंवर निघतं, त्यामुळे फार नाकं मुरडत नाही.) दुसरी वाट निकालाची: 'दिव्यांगत्वावर मात करत' अमुक टक्के, पेढा भरवणारे आईवडील. एका फोटोत माणूस घेणारा, दुसऱ्यात जिंकणारा. मंगळवारी दुपारी दळण आणायला निघालेला, बायकोशी भांडलेला, भिशीचा हप्ता थकलेला दिव्यांग माणूस पेपरात दिसत नाही. तालुक्यात तर असे शेकड्यानं आहेत.

ऑस्ट्रेलियाची विनोदकार आणि कार्यकर्ती स्टेला यंग स्वतः व्हीलचेअर वापरायची. 2014 साली सिडनीतल्या एका भाषणात तिनं या दुसऱ्या प्रकाराला 'इन्स्पिरेशन पॉर्न' म्हटलं. तिचं म्हणणं असं की दिव्यांग नसलेल्यांना बरं वाटावं म्हणून दिव्यांगांना वस्तूसारखं वापरलं जातं. ती पंधरा वर्षांची असताना गावातल्या कुणीतरी तिचं नाव पुरस्कारासाठी सुचवलं, तर घरचे म्हणाले, छान आहे, पण हिनं तर काहीच केलेलं नाही. शाळेत जाणं, अभ्यास करणं, टीव्ही बघणं एवढंच तिचं चाललेलं होतं. आपल्याकडच्या सत्कारांना हे तंतोतंत लागू पडतं. आपलं सुप्रीम कोर्टही 8 जुलै 2024 ला निपुण मल्होत्रा यांच्या खटल्यात जवळपास इथंच आलं. एका हिंदी चित्रपटातल्या दिव्यांगांच्या चित्रणावरून ते प्रकरण होतं. चित्रपट आणि दृश्य माध्यमांसाठी कोर्टानं मार्गदर्शक सूत्रं घालून दिली: हिणवणारे शब्द टाळा, 'पीडित', 'ग्रस्त' अशी भाषा टाळा, माणसाला थट्टेचा विषय करू नका आणि अचाट पराक्रमीही करू नका, आणि ज्यांच्याबद्दल दाखवताय त्यांना निर्णयात घ्या. यातलं शेवटचं सूत्र तुमच्या कामाचं आहे.

ते प्रत्यक्षात कसं होतं ते सांगतो.

उदगीरच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचा उजवा हात कोपरापासून नाही. सोयाबीनच्या मळणीयंत्रात गेला. आपल्या भागात सुगीत असे अपघात किती होतात, तुम्हाला सांगायला नको. मी त्यांच्यासोबत घरी, शेतात, बाजारात हिंडलो. घरी सकाळी ते खिडकीपाशी फेटा बांधत होते. एक टोक दातात धरलेलं, डाव्या हातानं वळसे चाललेले, कोवळं ऊन तोंडावर. कुणाही फोटोग्राफरचा जीव त्या फ्रेमवर जडेल. दुसरा फोटो लातूरच्या मार्केट यार्डातला, अडत्याच्या दुकानापुढचा. माल ओतलेला, खरेदीदार मातेरं आणि ओलावा दाखवून भाव पाडतोय, आणि यांनी डाव्या मुठीत सोयाबीन घेऊन मूठ त्याच्या नाकासमोर उघडली आहे. रिकामी बाही कडेला दिसते, पण तिच्याकडे लक्ष जात नाही. मागे कुणाचं तरी डोकं अर्धं कापलेलं, उजेड पत्र्याखालचा, फोटो म्हणून जरा गबाळाच.

मी दोन्ही मिळून पंधरा-सोळा फोटो छापून त्यांच्याकडे दिले. फेट्याचा फोटो त्यांनी पालथा घातला. म्हणाले, "ह्यात मी खेळ करून दाखवायलोय असं वाटायलंय." आणि मार्केटचा उचलला. "हेच्यात माझा माल दिसायलाय." प्रदर्शनात तोच लागला. त्यापुढे लोक थांबायचे ते सोयाबीनच्या भावावर बोलायला. हात कसा गेला हे बऱ्याच वेळानं कुणीतरी विचारायचं, आणि ते स्वतः तिथं असतील तर सांगायचे. तेव्हा ते सांगणं एका शेतकऱ्यानं दुसऱ्या शेतकऱ्याला सांगितल्यासारखं व्हायचं, त्या यंत्राच्या तोंडाला जाळी का बसवत नाहीत इथपर्यंत जायचं.

म्हणून पद्धत अशी ठेवा: प्रत्येकाचे दहा-पंधरा बरे फोटो चार बाय सहाच्या साध्या प्रिंटवर काढा आणि त्यांच्या घरी ठेवून या. मोबाइलवर दाखवू नका. मोबाइल तुमच्या हातात असतो, बोट तुम्ही सरकवता, आणि माणूस भिडेपोटी "छान छान" म्हणतो. प्रिंट घरात राहिली की चर्चा होते, सून काहीतरी म्हणते, शेजारी हसतो, आई एक फोटो बाजूला काढून ठेवते. दोन-तीन दिवसांनी जा. जो निवडतील तो लावा. तुम्हाला दुसराच आवडला असेल तर एकदा सांगून बघा, का आवडला ते सांगा, पण शेवटचा शब्द त्यांचा. तुमच्या नावाचं प्रदर्शन थोडं गबाळं दिसेल, ते सोसा.

दिसत नसलेल्या माणसानं निवडायचं कसं? वर्णन करून. हे मी एका परभणीच्या मुलीकडून शिकलो. ती संभाजीनगरला हॉस्टेलवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती. फोनवरचा टॉकबॅक (पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारी सोय) इतक्या वेगानं ऐकायची की मला त्यातलं अक्षर कळत नसे. तिचे फोटो मी एकेक करून तोंडी सांगायला लागलो. "तू कॉटवर बसलीयस, फोन कानाशी, हातात चहा." ती म्हणाली, "सर, माझ्या मागं काय दिसायलंय?" मागं भिंतीवर एक कागद होता. कशाचा? हॉस्टेलचं वेळापत्रक. वर नाव? होतं, वाचता येत होतं. "मग नको. मी कुठं राहते ते सगळ्यांना कळंल." एवढं चांगलं एडिटिंग माझं कुणी केलेलं नाही. मग तिनं विचारलं, ओढणी नीट आहे का, कॉटखाली चपला पसरल्यात का, चेहरा हसरा आहे की ताणलेला. तिला हसरा नको होता. "अभ्यास करताना कोण हसतं?"

वर्णन करायला लागलं की तुमच्याच फोटोत तुम्हाला न दिसलेलं दिसतं, म्हणून ही सवय सगळ्यांच्याच फोटोंना लावा. शिवाय ते वर्णन पुढे कामाला येतं. फोटो नेटवर टाकाल तेव्हा पर्यायी मजकुराच्या जागी ते मराठीत लिहा, नाहीतर टॉकबॅकसारखा स्क्रीन रीडर नुसतं 'इमेज' म्हणून पुढे जातो. 'एक अंध मुलगी मोबाइल वापरताना' हे वर्णन नव्हे. 'खिडकीपाशी कॉटवर बसलेली तरुणी फोन कानाला लावून ऐकते आहे, दुसऱ्या हातात चहाचा कप, मांडीवर ब्रेलमधली वही' असं लिहा. दिसतं ते लिहा, कसं वाटायला हवं ते लिहू नका.

आता अडचण कुठं दाखवायची, याबद्दल. बहुतेक फोटोंत अडचण माणसाच्या शरीरात दाखवलेली असते: वाळलेला पाय जवळून, वाकडी बोटं जवळून, डोळे जवळून. मुंडकं नसलेले असे अवयवांचे फोटो काढूच नका. त्याच माणसासोबत अर्धा दिवस हिंडलात की अडचण दुसरीकडेच सापडते. वाटपाच्या त्या तीनचाकी सायकली सहा महिन्यांनी कुठं असतात ते बघायला जा. काळ्या मातीच्या गावात जून लागला की गल्लीतला चिखल चाकात अडकून चाक फिरत नाही. घराला उंबरा, उंबऱ्याआधी दोन पायऱ्या. सायकल ओट्याखाली, ट्यूब बसलेली, सीटवर मिरच्या वाळत घातलेल्या. वाटपाचा फोटो आणि हा फोटो शेजारी लावला तर खाली ओळ लिहायची गरज उरत नाही. किंवा एसटी घ्या. तिकिटात 75 टक्के सवलत आहे आणि पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर आहे. बस लागताना जमिनीलगत कॅमेरा ठेवून ती पायरी काढा, पाय मग कुणाचाही असू द्या.

किल्लारीचंही तेच झालं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानंतरचे फोटो आपल्या पिढीच्या डोळ्यांत बसलेत: ढिगारे, चिता, मदतीचे ट्रक, पुढारी. त्या ढिगाऱ्यातून कमरेखाली लुळे होऊन निघालेले लोकही होते. ते पुढची तीस वर्षं कसं जगले, नव्या वसाहतीतल्या घरात खुर्ची वळत होती का, त्यांची लग्नं-पोरं कशी झाली, असे फोटो शोधायला गेलो तर हाताशी फार काही लागत नाही. अपघाताच्या दिवशी कॅमेरे येतात. त्यानंतरच्या दिवसांना बातमी म्हणत नाहीत, आणि दिव्यांगत्व म्हणजे तर सगळे नंतरचेच दिवस. औसा-उमरग्याच्या बाजूला तुमचं जाणं होत असेल तर या विषयावर स्वतंत्र काम करण्यासारखं आहे.

गोष्टीकडे येतो. 'हे कसं झालं?' हा पहिला प्रश्न ठेवू नका. ते तुम्हाला सांगतील, अगदी ओघवतं सांगतील, आणि तिथंच तुम्ही फसाल, कारण ती गोष्ट सराईत झालेली असते. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मेडिकल बोर्डापुढे, निराधार योजनेसाठी तहसीलच्या खिडकीत, ग्रामपंचायतीच्या पाच टक्के निधीसाठी ग्रामसेवकापुढे, सगळीकडे तीच सांगावी लागते. आणि ती दीनवाणीच सांगावी लागते, कारण बहुतेक लाभांची दारं किमान 40 टक्के दिव्यांगत्व असेल तरच उघडतात. बोर्डाच्या दिवशी सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून बघा. लोक येतानाचा रुबाब बाहेर ठेवून आत जातात. कुणी काठी मुद्दाम जास्त टेकतं. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही, व्यवस्थेनंच हे शिकवलेलं आहे. याच माणसाला सत्काराच्या स्टेजवर नेलं की दुसरी तयार गोष्ट बाहेर येते: जिद्द, चिकाटी, आईचा आशीर्वाद. म्हणजे तुम्ही रेकॉर्डर सुरू करायच्या आधीच त्यांच्याकडे दोन गोष्टी तयार आहेत, आणि तुम्हाला तिसरी हवी आहे.

ती मिळायला वेळ लागतो, दुसरा उपाय मला माहीत नाही. पण सुरुवातीचा प्रश्न मदत करतो. मी विचारतो, "काल उठल्यापासून काय काय केलं?" त्यातून म्हशीची धार येते, मोबाइलचा रिचार्ज येतो, जाऊबाईशी अबोला येतो, आणि मधेच, आपसूक, "मग मी खुर्ची घेऊन मागच्या दारानं जाते, पुढं पायऱ्या हायेत नं" असं एक वाक्य येतं. दिव्यांगत्व त्या वाक्यात असतं तेवढं पुरतं. पहिल्या भेटीत रेकॉर्ड करू नका. दुसऱ्या भेटीत करा, आणि लिहून झालं की त्यांना वाचून दाखवा. त्यांचीच बोली ठेवा. आपल्याकडचं 'करायलो', 'जायलो', 'म्हणायलेत' सुधारून पुस्तकी केलं की माणूस गायब होतो आणि पत्रक उरतं. मजकूर प्रथमपुरुषी असेल तर त्यातली उपमा, विशेषणंही त्यांचीच असली पाहिजेत. 'नियतीनं घाला घातला' असं अख्ख्या बीड जिल्ह्यात कुणी बोलत नाही, फक्त छापतात. स्वतःला काय म्हणवून घ्यायचं, हेही त्यांना विचारा आणि सांगतील तेच लिहा.

काही दिव्यांगत्वं फोटोत दिसतच नाहीत, आणि संस्थेच्या वीस जणांच्या यादीत ती बहुतेक नसणारच. यादी मागवून बघा. सगळे कुबडीवाले, खुर्चीवाले आणि काठीवाले असतील, कारण 'दिसलं पाहिजे'. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. आधीच्या 1995 च्या कायद्यात सातच होते. आताच्या 21 मध्ये सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, पार्किन्सन, कुष्ठरोगातून बरे झालेले लोक असे सगळे येतात. अशा माणसाचा फोटो काढताना आजार 'दिसावा' म्हणून अंधारात बसवणं, डोकं धरायला लावणं हे नाटक करू नका. त्याचा साधा फोटो घ्या, बाकीचं मजकूर सांगेल. उपचार घेत असलेल्या मनोरुग्णांबाबत तर कायदाच आहे: मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 24 नुसार मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. नातेवाइकांनी हो म्हटलं म्हणून चालत नाही.

बहिऱ्या माणसांबद्दल एक बारीक गोष्ट. खुणांच्या भाषेत बोलतानाचा फोटो घेताना दोन्ही हात आणि चेहरा फ्रेममध्ये हवा, कारण निम्मा अर्थ चेहऱ्यावर असतो. खिडकीकडे पाठ करून बसवू नका. आणि कोणत्या क्षणाचा फोटो ठेवायचा ते त्यांनाच विचारा, कारण मधेच थांबलेली खूण भलताच अर्थ देऊ शकते. आमच्याकडे एका फोटोपुढे बहिऱ्या मुलांचा घोळका हसून लोळत होता, तेव्हा कळलं.

राहिलं तंत्र. कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, मग तुम्हाला जमिनीवर बसावं लागो की गुडघ्यावर. खुर्चीतल्या माणसाचा फोटो उभ्यानं काढला की तो आपोआप वर बघतो, आणि वर बघणाऱ्या माणसाला आपण मागणाराच समजतो. खालून वर काढलात तर तो पुतळा होतो, म्हणजे तोही निकालाचाच फोटो. फोनची रुंद लेन्स जवळून वापरू नका, हातपाय ताणले जातात. लांबून झूम लावून नकळत टिपणंही नको. लग्नात चालतं, इथं नाही. पत्र्याच्या घरात दाराचा उजेड पुरतो. आणि ब्लॅक अँड व्हाइटचा मोह टाळा. लग्नाच्या अल्बममध्ये आपण सगळे रंग ठेवतो आणि दिव्यांगाचा फोटो आला की रंग काढतो, हे काय आहे? गुलाबी भिंत आहे तर गुलाबी दिसू द्या. खुर्ची, कुबडी, कॅलिपर फ्रेमबाहेर ढकलू नका, माझ्या कॅलिपरवर माझा जीव आहे. आणि वर टॉर्चसारखा उजेडही टाकू नका.

संमतीबद्दल तुम्ही 'सही कशावर' विचारलंत. सही घ्या, मराठीत घ्या, वाचून दाखवून घ्या, वाचता येत नसेल तर आवाजात घ्या. पण एकच सही पुरत नाही. प्रदर्शनाच्या भिंतीवर, संस्थेच्या फेसबुकवर, पेपरमध्ये आणि देणगीच्या पत्रकावर या चार वेगळ्या जागा आहेत, आणि चौथीला बहुतेक जण नको म्हणतात. चारही वेगळ्या विचारा. बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर पालकांची सही लागेल तिथं घ्या, पण छापलेला फोटो त्या व्यक्तीसमोर ठेवून तिलाही विचारा. तिचं 'नाही' कळतं, थोडा वेळ दिला तर. नकाराची कारणं नेहमी तुमच्या डोक्यातली नसतात. बीडच्या बाजूच्या एका घरी सगळं छान जमलं होतं आणि शेवटी मुलगा म्हणाला, "फोटो नका लावू, धाकट्या बहिणीचं जमायचंय." भावाचं दिव्यांगत्व कळलं की स्थळं मागं फिरतात, हा त्याचा हिशेब. मी वाद घातला नाही. त्याची गोष्ट नाव-गावाशिवाय, फोटोशिवाय लागली. फोटोच्या जागी रिकामी फ्रेम ठेवावी असं एका मित्रानं सुचवलं, पण मला ते फार नाटकी वाटलं. नुसता मजकूर ठेवला. लहान मुलांच्या बाबतीत याहून कडक राहा: ते मूल वीस वर्षांचं होईल तेव्हा हा फोटो नेटवर सापडणार आहे, असं धरून चाला. प्रमाणपत्राचा किंवा यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) नंबर फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

पैसे द्यावेत का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण येणार. माझं मत, द्यावेत. फोटोचे म्हणून नव्हे, बुडालेल्या दिवसाचे. मजुरीवरच्या माणसाचा दिवस तुमच्यामागे गेला तर त्याची हजेरी द्या, जाण्यायेण्याचं भाडं द्या, आणि आधी द्या, म्हणजे त्याला नको तेव्हा नको म्हणता येतं. हे संस्थेच्या बजेटमध्ये लिहून घ्या. छपाईला पैसे असतात, याला नसतात.

वीसपैकी दोन-तीन जणांच्या हातात कॅमेराच देता आला तर बघा. 1990 च्या दशकात कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी चीनच्या युन्नान प्रांतात खेड्यातल्या बायकांना कॅमेरे देऊन त्यांच्याच फोटोंवरून चर्चा घडवली, तिथून ही पद्धत 'फोटोव्हॉइस' नावानं पसरली. मुंबईत पार्थो भौमिक यांनी 'ब्लाइंड विथ कॅमेरा' या उपक्रमातून अंध व्यक्तींना छायाचित्रण शिकवलं. मी एका खुर्ची वापरणाऱ्या बाईंना आठवडाभर जुना फोन दिला होता. त्यांच्या फोटोंत माणसांचे चेहरे कमी आणि पिशव्या, कमरेचे पट्टे, दुकानांच्या फळ्या जास्त. बँकेत काढलेल्या एका फोटोत नुसती काउंटरची खालची लाकडी बाजू होती, भरून. त्यांना दिवसभर तेच दिसतं. मी शंभर वर्षं हिंडलो असतो तरी तो फोटो मला सुचला नसता, कारण मी लंगडत का होईना, उभा असतो.

प्रदर्शनाची जागा बघताना पहिल्या मजल्यावरचा हॉल फुकट मिळतोय म्हणून घेऊ नका, ज्यांचे फोटो आहेत तेच वर येऊ शकणार नाहीत. तळमजला घ्या. एखादी पायरी असेलच तर लाकडी उतार करून घ्या, चढाव एकास बारा ठेवा, म्हणजे सहा इंचाच्या पायरीला सहा फूट फळी. गावातला सुतार दीड फुटाची करून देतो आणि त्यावरून खुर्ची उलटते. फोटोचा मध्य जमिनीपासून चार फुटांवर ठेवा, नेहमीपेक्षा खाली. उभे लोक थोडे वाकतील. मजकूर मोठ्या अक्षरांत, आणि प्रत्येक गोष्टीचा आवाज रेकॉर्ड करून क्यूआर कोड लावा. उद्घाटनाला स्टेज बांधू नका. पाहुण्यांसाठी चार फुटांचं व्यासपीठ आणि ज्याचा सत्कार त्याला चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेणं, हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्या वेळी कॅमेरा खाली ठेवतो.

संस्थेशी बोलताना दोन गोष्टी मात्र कागदावर घ्या: फोटोची शेवटची निवड त्या-त्या व्यक्तीची, आणि यातला कोणताही फोटो वेगळ्या संमतीशिवाय देणगीच्या पत्रकावर जाणार नाही. ते नाही म्हणाले तर काम सोडा असं मी सांगणार नाही, पोट तुमचंही आहे. पण मग हे त्या वीस जणांना आधीच सांगा, आणि त्यातले जे गळतील ते गळू द्या. वीस हा आकडा तसाही संस्थेचा आहे. एका माणसाला चार भेटी धरल्या तर डिसेंबरपर्यंत तुमच्याच्यानं आठ-दहा जण नीट होतील. तेवढेच घ्या आणि हे त्यांना आत्ताच कळवा.

सुरुवात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांपासून करा. दसरा झाला की मुकादमाचा ट्रॅक्टर दारात लागतो आणि मग मार्च-एप्रिलपर्यंत कुणी भेटत नाही. घरी कोण मागं राहतं, दिव्यांग पोराला कोपीवर (ऊसतोडीच्या जागच्या झोपडीवर) नेतात की आजीपाशी ठेवतात, हे निघायच्या आधीच्या आठ दिवसांतच ठरत असतं, तेव्हा तुम्ही तिथं असायला हवं. सोयाबीनवाले मळणी उरकल्याशिवाय बोलणार नाहीत, त्यांना दिवाळीनंतर गाठा.